आंब्याला जामीन

माघ उतरायला लागला की आमच्या परसात रोज काहीतरी मरतं आणि रोज काहीतरी फुटतं, आणि दोन्हीचा भार माझ्याच कमरेवर. आज खुडू, उद्या खुडू म्हणेपर्यंत कोथिंबीर फुलावर जाते. मेथी कडू होते. टमाट्याची झाडं खालून वाळत वर येतात. वालाच्या शेंगा वेलावरच वाळून खुळखुळ वाजायला लागतात. त्यातल्या टपोऱ्या बियाण्याला ठेवायच्या आणि बाकीचा वेल ओढून काढायचा. शेवगा आपली फुलं खाली सांडत बसतो, आणि शेजारचा कडुलिंब आपला सगळा पाला आमच्याकडं पाठवून देतो. दोनदा झाडलं तरी तिसऱ्यांदा खराटा हातात घ्यावाच लागतो. सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी त्याच परसात अनवाणी पाय ठेववत नाही.

या सगळ्यात लोकांना दिसतो तो फक्त आंबा. औंदा तर मोहरानं पान दिसेना झालंय. शिवरात्रीला महादेवाला वाहायला मोहर पाहिजे म्हणून गल्लीतल्या बायका येतात, एक तुरा मागतात आणि अख्खी फांदी मोडून नेतात. कुणी झाडाखाली उभं राहून फोनवर फोटो काढतं. "अक्का, काय घालताव ओ झाडाला?" असं हमखास विचारतात. मी राख म्हणते. राख घालत नाही मी. पण खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं, आणि तेवढं ऐकून घ्यायची कुणाची तयारी नसते. फुकटचा मोहर नेणारीची तर नसतेच.

लग्न होऊन मी बसवकल्याणजवळच्या या गावात आले तेव्हा घरामागं परस नव्हतं, उकिरडा होता. माझं माहेर ठाणाकुशनूरकडचं. आई माझ्या लग्नाआधीच गेलेली, मागं एक भाऊ आणि त्याचं स्वतःचंच पुरेसं न पडणारं घर. सासरी सासू, मालक आणि धाकटा दीर. नवऱ्याला आमच्याकडं मालकच म्हणतात, मीही तेच म्हणते, सवय आहे. मालकांचं बसस्टँडजवळ मोटारी बांधायचं दुकान, म्हणजे बोअरची मोटार जळाली की तिची जुनी तार काढून नवी गुंडाळून द्यायची. अंगाला सदा वार्निशचा वास. माणूस शांत. इतका शांत की पहिले सहा महिने मला वाटायचं, हे माझ्यावर रुसलेत.

सासूला आम्ही आत्या म्हणायचो. तिचं तोंड मात्र सकाळी चूल पेटल्यापासून चालू असायचं. आता ती नाही, जाऊन तीन वर्षं झाली, म्हणून हे बोलायला धजले. तिच्या माघारी बोलते असं कुणी म्हणेल. म्हणू दे. तिच्या तोंडावर जे बोलले तेही पुढं सांगणारच आहे.

उकिरडा मी एकटीनं उपसला. गाडीभर काळी माती टाकून घेतली, वाफे केले. वांगी, वाल, दोडका, आळू, करेबेव, भिंतीच्या कडेनं मोगरा. करेबेव म्हणजे कढीपत्ता. इथं कानडीतलंच नाव चालतं. तिसऱ्या वर्षी बसवकल्याणला रस्त्याच्या कडेला कलमं घेऊन बसणाऱ्या एका चाचाकडून केशर आंब्याचं कलम आणलं. पहिली दोन वर्षं त्याला दोन-चार तुरे आले, ते चाचाच्या सांगण्यावरून मीच खुडून टाकले. आधी झाड मोठं होऊ द्या म्हणाला होता.

मग घरात पक्की न्हाणी बांधली. तिचं पाणी सरळ गटारीत सोडायचं चाललं होतं. मी भांडले. सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी असं वाया घालवायचं म्हणजे काय? स्वतः खोरं घेऊन पाट काढला, केळीजवळून वळवून आंब्याच्या बुडाशी नेला. बाराही महिने पाणी. उन्हाळ्यात गावातली झाडं माना टाकायची आणि आमचा आंबा हिरवागार. पानं माझ्या तळहाताएवढी रुंद. मला त्या पाटाचा मोठा गर्व होता. आल्यागेल्याला दाखवायची. मोहर मात्र त्यानंतर कधी आला नाही, एक तुरासुद्धा नाही.

आणि मलाही मूल झालं नाही.

ही दोन वाक्यं एकापुढं एक ठेवायची सवय माझी नाही. ती आत्यानं लावली. दिराचं लग्न झालं, जाऊ आली, वर्ष भरायच्या आत तिचा पाळणा हलला, आणि आत्याच्या तोंडाला धार चढली. परसाच्या दारात उभी राहून शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्या घरात दोघं नुसतं पानी प्यायलेत. एक भाईर हाय, एक आत." शेजारीण हसायची. मी हातातलं खुरपं मातीत खुपसत राहायची. जाऊ बिचारी तोंड फिरवून आत जायची. तिचा यात काही दोष नव्हता, तिचा मला राग यायचा तेवढाच काय तो माझा दोष.

दर साली दिवाळी झाली की आत्या मुली बघायला निघायची. मालकांसाठी, दुसरी. इरकल नेसून खजुरीला जायची, आळंदला जायची. परत आली की ओसरीत बसून मोठ्यानं सांगायची: पोरगी गोरी हाय, हाताला चपळ हाय, चार बहिणींत थोरली हाय. मी आत भाकरी थापत ऐकायची. एक बायको असताना दुसरी करता येत नाही हा कायदा तिला ठाऊक होता, मलाही होता. पण असल्या गोष्टी कायद्याला विचारून होत नाहीत. पहिलीला चार दिवस माहेरी म्हणून धाडतात आणि आणायलाच जात नाहीत, एवढंच. भावाच्या दारात गाठोडं घेऊन उभी राहिलेली मी मला रोज दिसायची. त्या घरात मला ठेवायला जागा नाही हे मला माहीत होतं, भावालाही माहीत होतं, आणि आत्याला तर सगळ्यात चांगलं माहीत होतं.

पण ते सगळं बोलणं शेवटी मालकांपाशी येऊन अडायचं. आत्या विचारायची, "मग काय म्हनतूस?" मालक ताटातून मान वर न करता म्हणायचे, "बघू." बस, तेवढंच. पौष जायचा, माघ जायचा, ते 'बघू' तसंच राहायचं, आणि मुलीकडचे कंटाळून दुसरं स्थळ बघायचे. त्या एका शब्दावर मी जगले. दुसऱ्या बायकांचे नवरे सणाला साडी आणायचे, जत्रेला न्यायचे. माझ्या नवऱ्यानं असलं काही केलं नाही. पण आईच्या तोंडावर माझ्यासाठी तो दरवर्षी अडून बसतो, यापेक्षा बाईला जास्त काय पाहिजे, असं मी स्वतःला सांगायची आणि मला ते पटायचं. खरंच पटायचं.

लग्नाच्या सातव्या वर्षी आम्ही उमरग्यावरून सोलापूरला गेलो. दोघांच्याही तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले, कारण उन्हाळा होता आणि उन्हाळ्यात मोटारी जळतात, मालकांना दुकान सोडता येईना. डॉक्टरीणबाई चांगली होती. मला खुर्चीवर बसवून, पाणी देऊन म्हणाली, "तुमच्यात काही दोष नाही. तुमच्या मिस्टरांकडून मूल होणं शक्य दिसत नाही. त्यांना घेऊन या, मी त्यांच्याशी नीट बोलते."

बसमध्ये उमरगा येईपर्यंत मी रडले. सुटल्यासारखं वाटलं म्हणून रडले, खोटं कशाला सांगू. दोष माझा नव्हता. वाटलं, घरी जाऊन तो कागद आत्याच्या पुढ्यात टाकावा आणि परसात जाऊन पोटभर हसावं. पण उमरग्यापासून पुढं एकच विचार डोक्यात बसला: या माणसानं माझ्यासाठी आईला इतकी वर्षं थोपवून धरलंय, आता त्यालाच मी हे कसं सांगू? आईसमोर, भावासमोर, गल्लीत त्याची मान खाली जाईल. त्यानं मला झाकलं, आता मी त्याला झाकायचं. एवढा साधा हिशोब मी त्या बसमध्ये केला.

घरी पोचले तेव्हा मालक न्हाणीपाशी हात धुवायले होते. म्हणाले, "काय म्हनल्या?" मी म्हटलं, "दोघांचंबी बरं हाय म्हनल्या. येळ लागंल." ते माझ्याकडं बघत राहिले. थोडा वेळच, पण बघत राहिले. मग "बरं" म्हणाले आणि टॉवेलला हात पुसले. एक शब्द जास्त विचारला नाही. मला वाटलं, केवढा मायेचा माणूस आहे, मला आणखी त्रास नको म्हणून गप्प बसला. कागद मी ट्रंकेत लग्नातल्या शालूखाली घालून ठेवला. आत्याचं बोलणं त्यानंतर मला टोचेना असं नाही. उलट जास्त टोचायला लागलं. पण आता टोचलं की मी मनात म्हणायची, मी हे कुणासाठी तरी सोसायलेय.

दहाव्या वर्षी, माघातच, आत्यानं आंब्याला कुऱ्हाड दाखवायचं काढलं.

आमच्या भागात हे करतात. न फळणाऱ्या झाडापुढं एकानं कुऱ्हाड घेऊन उभं राहायचं आणि विचारायचं, फळत न्हाईस, तोडू का? झाडाच्या पलीकडून बाईनं उत्तर द्यायचं: नका तोडू, पुढल्या साली फळतंय, मी जामीन हाय. असं तीनदा. मग कुऱ्हाडीचं पातं बुडाला नुसतं टेकवायचं, साल जरा खरचटली की तिथं हळद लावायची. झाड भितं म्हणतात आणि पुढल्या वर्षी फळतं म्हणतात. जामीन राहणारी बाई लेकुरवाळी लागते. दुसरीचा शब्द झाड ऐकत नाही.

झाड मी लावलेलं, मी वाढवलेलं. पण जामीन राहिली जाऊ. मला हळदीचं ताट घेऊन तिच्या मागं उभं केलं. गल्लीतल्या चार-पाच बायका कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. कुऱ्हाड मालकांच्या हातात. त्यांनी विचारलं, "फळत न्हाईस. तोडू का?" आवाज असा, की गिऱ्हाईकाला मोटारीचा नंबर विचारायलेत. जाऊ लाजत लाजत म्हणाली, "नका तोडू. पुढल्या साली फळतंय. मी जामीन हाय." तीनदा झालं. पातं टेकवलं. मी पुढं होऊन हळद लावली. आता संपलं म्हणून मी ताट खाली ठेवायला वाकले, तेवढ्यात आत्या म्हणाली, "झाडाला जामीन मिळाला. मानसाला कोन ऱ्हातंय म्हनते मी?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. मी मालकांकडं बघितलं. त्यांनी काही खरं-खोटं सांगावं असं मला वाटत नव्हतं. त्यांना खरं माहीत आहे असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला फक्त एक वाक्य पाहिजे होतं. "पुरे की आता," एवढं म्हटलं असतं तरी माझी दहा वर्षं वसूल झाली असती. त्यांनी पातं गवताला पुसलं, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि "दुकान उघडायचंय" म्हणून निघून गेले.

त्या दिवशीही मीच त्यांच्या वतीनं वकिली केली. चारचौघींत पुरुष माणूस काय बोलणार? तो बोलणाऱ्यातला नाहीच, करणाऱ्यातला आहे; दिवाळीनंतर आत्या पुन्हा मुलगी बघून येईल तेव्हा तो 'बघू' म्हणेलच की. असं म्हणत मी दिवस ढकलले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बसवकल्याणला गेले होते तेव्हा तो कलमवाला चाचा भेटला. सहज म्हटलं, चाचा, तुमचं कलम फसवं निघालं. त्यानं विचारलं, पाणी कुठून येतं? मी माझा पाट मोठ्या ऐटीत सांगितला. तो कपाळाला हात लावून बसला. "मोगरे का पानी तोडते नै तुम? फिर आम कू कैकू पिलाते बैठे अम्मा? दिवाळीके बाद पानी नक्को. झाड प्यासा रैना, तबीच फूल आता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर माघात मोगऱ्याची पानं ओरबाडून, त्याचं पाणी तोडून, त्याला फुलावर आणणारी बाई मी. हे मला कळायला नको होतं? ज्या पाटासाठी मी भांडले, ज्याचा मी गर्व केला, त्यानंच इतकी वर्षं झाडाचा मोहर अडवला होता. थंडीत पाणी मिळत गेलं म्हणून ते नुसती पानं काढत राहिलं. झाडाला काही झालेलं नव्हतं. आम्हीच सगळे त्याच्या बुडाशी रोज अंघोळी करायलो होतो.

त्या दिवाळीनंतर मी पाटाच्या तोंडाशी दोन विटा लावून वर चिखल थापला आणि पाणी केळीत नि आळूत सोडून दिलं. कुणाला सांगितलं नाही. विचारलं तरी कुणाला होतं? मार्गशीर्षात पानांचा तजेला गेला. आत्या म्हणाली, "बगा, आता वाळायलंय." पौष संपता संपता शेंड्यांना फुगवटे दिसले. माघात झाड असं मोहरलं की सकाळी परसाचं दार उघडलं तर मधमाशांचा आवाज आधी यायचा. मी तिथंच पायरीवर बसले. आनंद झाला होता मला, खूप झाला होता. दिवसभरात कुणाशी तरी बोलावं असं वाटत होतं.

बोलायची वेळ आलीच नाही. आत्यानं गल्ली गोळा केली. जाऊबाईच्या जामीनकीचा मान म्हणून झाडाखाली पाट मांडला, तिची ओटी भरली, खण दिला. ताट पुन्हा माझ्याच हातात. जाऊ म्हणाली, "आत्या, पानी तर अक्काच बघतेत की." आत्यानं ऐकलंच नाही. बायकांना सांगत होती, "धाक दावल्याबिगर काय बी फळत न्हाई. झाडाला कळलं. मानसाला कवा कळंल देव जाणे. खजुरीची एक पोरगी बघून आलेय, औंदा ठरवूनच टाकते."

मी ताट खाली ठेवलं. म्हटलं, "आत्या, धाकानं न्हाई आला मोहर. दिवाळीपासनं मी पाट बंद केलाय. पानी तोडलं म्हनून आला." आत्या म्हणाली, "पानी तोडून झाड फुलतंय व्हय? ऐका गं बायांनो." बायका हसल्या. हसत हसतच खणा-नारळाचं बोलत घरोघरी गेल्या. जाऊ लेकराला घेऊन आत गेली. मी सरळ ट्रंकेपाशी गेले.

चार वर्षं शालूखाली पडलेला कागद मी बाहेर काढला. आत्या ओसरीत सुपात वालाच्या वाळक्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. मी तो कागद सुपातच ठेवला. म्हटलं, "ह्ये सोलापूरचं हाय. माज्यात दोष न्हाई. तुमच्या लेकाकडनं लेकरू व्हनार न्हाई असं लिवलंय त्यात. चार वर्सं मी झाकून ठिवलंय."

मला वाटलं, ती ओरडेल, छाती पिटेल, खोटं आहे म्हणेल. तिनं कागद उचलून बाजूला ठेवला आणि शेंग फोडली. "मला कशाला दावायलीस? मला ठाऊक हाय."

"कवापासनं?" मी विचारलं.

"पंधरा वर्साचा व्हता तवा गालफुगी झालती त्याला. गालाची सूज खाली जांघेत उतरली. तापानं पंधरा दिस पडून व्हता. डॉक्टरनं तवाच सांगितलं, पुढं लेकरू व्हायचं न्हाई म्हनून."

"मग लगीन कामून लावलाव?"

"लगीन न लावता ठिवते व्हय लेकाला? लोक काय म्हनले असते?"

"आनि दर साली पोरी बघाया जायलाव त्ये?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. कुणाला भाजीत मीठ कधी घालायचं ते समजावून सांगावं तसं म्हणाली, "बघावं लागतंय गं. न्हाई बघितलं तर लोक इचारतेत, असली सून कामून ठिवून घेतलाव? मग त्यांचं ध्यान कुनीकडं जातंय? दुसरी कोन आनायलंय? आनून काय करू, तीबी अशीच ऱ्हाईल की." मग पुन्हा शेंगांकडं वळून म्हणाली, "आई हाय मी त्याची. तुजी न्हाई."

माझ्या हातात अजून एक धागा होता. तो तुटू नये म्हणून मी हळूच विचारलं, "त्यास्नी ठाऊक न्हाई न्हवं ह्ये?"

"डॉक्टरच्या म्होरं त्योच बसला व्हता की," आत्या म्हणाली.

मी तिथंच भिंतीला टेकून बसले. म्हणजे ते 'बघू' माझ्यासाठी नव्हतंच. अडवायला तिथं काही नव्हतं. आई विचारायची आणि लेक उत्तर द्यायचा, दोघांचं आधीपासून ठरलेलं, आणि आत भाकरी थापणारी मी तेवढं ऐकून पोट भरायची. सोलापूरला हे माझ्याबरोबर बसमध्ये बसून आले, तपासणीला आत गेले, बाहेर येऊन मला चहा पाजला. दहा वर्षं जे उराशी धरून मी सगळं सोसलं, ते त्या माणसानं मला कधी दिलंच नव्हतं. मीच घेतलं होतं आपलं आपण.

दुपारचे मालक जेवायला आले. हात-पाय धुतले. ओसरीत आले तर कागद आत्याच्या गुडघ्यापाशी पडलेला. त्यांनी तो बघितला. हा कशाचा, असं विचारलं नाही. आत्या सूप उचलून आत गेली.

मी म्हटलं, "सोलापूरला जायच्या आदीपासनं ठाऊक व्हतं तुमाला?"

ते पाटावर बसले. "आता कामून काढायलीस ते?"

"मी रिपोर्ट घिऊन आले तवा तरी सांगायचं व्हतं. मी काय म्हनले असते तुमाला? काय केलं असतं मी?" माझा आवाज चढला होता, आत जावेला ऐकू जात असणार, मला फिकीर नव्हती. "चार वर्सं झाकलं मी तुमाला. लोकांचं ऐकलं. तुमच्या आईचं ऐकलं."

मालकांनी पहिल्यांदा मान वर केली. रागावले नव्हते. लाजलेही नव्हते. शांतच होते, नेहमीसारखे.

"तूच म्हनलीस की, दोघांचंबी बरं हाय म्हनून," ते म्हणाले. "मी कशाला न्हाई म्हनू?"

मग म्हणाले, "वाढ. दुकानात गिऱ्हाईक बसलंय."

मी वाढलं.